त्या रविवारी मी बंद पडलो नाही

मित्रांनो, मी चर्चमधला एक जुना माईक आहे, आणि स्वभावानं भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो. ज्याचा आवाज मोठा तो धीटही असणार, असं लोकांना वाटतं. छे! एकदा माझ्यातून निघालेलं परत घेता येत नाही. त्यामुळे माझ्या जिवाला सतत घोर लागलेला असतो.

एका लहानशा कारखान्यात लांब टेबलापाशी बसलेल्या एका बाईनं माझ्या पोटातली केसाएवढी तार जोडली. तिथून मी चर्चमध्ये आलो. पाळक जिथं उभे राहून उपदेश करतात, त्या पुलपीटावर मला बसवलं. मागच्या बाकांवरच्या आजीआजोबांना आता देवाचं वचन नीट ऐकू येणार म्हणून सगळे खूश झाले. त्या वेळचे पाळकसाहेब मुळातच दणदणीत आवाजाचे. ते माझ्यात बोलले की तान्ही मुलं भोकाड पसरायची. तरी मला त्यांचा आधार वाटायचा. शनिवारी संध्याकाळी ते रिकाम्या चर्चमध्ये दुसऱ्या दिवशीचा उपदेश म्हणून बघायचे, आणि त्यांची बायको, म्हणजे पाळकबाई, शेवटच्या बाकावर विणकाम घेऊन बसायच्या. एखादा दाखला खटकला की बाई सुया खाली ठेवायच्या. मग पाळकसाहेब थोडे कुरकुरायचे आणि तो दाखला गाळून टाकायचे.

पुढे ते निवृत्त झाले. मीही म्हातारा झालो होतो. माझ्या जाळीला पोचा पडला, वायर सैल झाली, ऐन प्रार्थनेत मी खरखरायला लागलो. याला आता पेन्शन द्या, हा विनोद मंडळीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये व्हायचा. मी तो हसण्यावारी न्यायचो, पण आतून धास्तावलेला असायचो.

नवे पाळकसाहेब आले ते तरुण, अभ्यासू, मनानं अगदी चांगले. रोजच्या जगण्यातले दाखले असे देत की लोक घरी जाताना तेच बोलत असायचे. त्यांची बायको नर्स. शनिवारी संध्याकाळी तिची ड्युटी असायची, त्यामुळे शेवटचा बाक रिकामा. तेवढंच मला खुपायचं.

आमच्या मंडळीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. सगळे त्यांना शिवणकाकू म्हणतात. एका दुपारी त्या पुलपीटाच्या नव्या कापडाचं माप घ्यायला आल्या. पाळकसाहेबांनी सहज सासूबाईंची चौकशी केली, आणि काकू टेप हातात धरून मटकन खालीच बसल्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं, सगळं काकूंच्याच गळ्यात. काकू रडत सांगू लागल्या, की रोज सकाळी सासूबाईंचं अंग पुसताना मी मनात म्हणते, देवा, आता यांना ने. हे घरात कुणालाच माहीत नाही, नवऱ्यालाही नाही. पाळकसाहेबांनी त्यांच्यासोबत प्रार्थना केली. काकू गेल्या तेव्हा त्यांचा चेहरा हलका दिसत होता. माझं बटण तेव्हा बंद होतं, पण माझे कान कधी बंद होत नाहीत.

त्याच आठवड्यात वायरमन आला आणि त्यानं माझी वायर बदलली. शनिवारी पाळकसाहेब उपदेश म्हणून बघायला उभे राहिले. विषय होता, देवापुढे मन कसं ओतावं. पवित्र शास्त्रातली माणसंही देवाकडे तक्रार करत, रडत, भांडत, असं ते छान समजावत होते. मग त्यांनी दाखला घेतला, तो शिवणकाकूंचाच. त्यांनी काकूंचं नाव गाळलं होतं. नाव गाळलं म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं. त्यांच्या मनात कौतुकच होतं हो! पण आमची मंडळी ती केवढीशी. अंथरुणाला खिळलेली सासू असलेली घरं तरी किती असणार? त्यांना थांबवायला समोर कुणीच नव्हतं.

रविवारी मी बंद पडायचा जिवापाड प्रयत्न केला. एरवी साध्या सूचनांना खरखरणारा मी, त्या दिवशी ठणठणीत!

"आपल्यातलीच एक बहीण," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "सासूची सेवा करता करता देवाला म्हणते, आता हिला ने. इतकी खरी प्रार्थना मी कधी ऐकली नव्हती."

मी ते कोपऱ्याकोपऱ्यात पोचवलं. माना वळल्या. काकूंच्या नवऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तो उठून बाहेर निघून गेला. काकू उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळलं असतं. त्या शेवटपर्यंत मांडीवरच्या हातांकडे बघत बसून राहिल्या.

पुढच्या शनिवारी पाळकसाहेब आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. सगळ्यांसमोर माफी मागायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ती माफी ते माझ्यापुढे म्हणून बघू लागले. सुदैवानं त्या दिवशी त्यांची बायको ड्युटी बदलून आली होती.

"म्हणजे पुन्हा तिचाच विषय," ती म्हणाली. "माफी तिच्या दारात जाऊन माग. इथून नको."

त्यांनी मला बंद केलं आणि तसेच काकूंच्या घराकडे निघाले. काय झालं असेल या विचारानं माझा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, एकट्याच. उपासना संपल्यावर, सगळे गेल्यावर त्या पुलपीटापाशी थांबल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत पाळकसाहेबांनी माझं बटण बंद केलं.

"तुम्ही काल घरी आलात, मी माफ केलं," काकू म्हणाल्या. "देवासाठी मी येत राहीन. पण मनातलं आता तुम्हाला सांगणार नाही. हे माझ्याशी बोलत नाहीत. आणि आईंना भरवायला हात लावू देत नाहीत मला."

काकू गेल्या तरी पाळकसाहेब मला घट्ट धरून उभे होते.

मित्रांनो, कुणी विश्वासानं मन मोकळं केलं, तर ते नाव गाळूनही सांगू नका. कौतुकानंही नको. माझं काय, मला लवकरच कपाटात ठेवतील. पण तिथंही मला एकच काळजी लागून राहील, की जेवायच्या वेळी काकू कुठे उभ्या असतील, आणि त्यांच्या हातून घास खायची सवय झालेल्या त्या म्हाताऱ्या बाई कुणाला शोधत असतील.