भुऱ्याचे पथ्य

चंद्रभानने भुऱ्याचा जबडा डाव्या हाताने धरला आणि गालफडाच्या कडेने चमचाभर पेज आत सोडली. कुत्र्याने ती मोठ्या आज्ञाधारकपणे गिळली, धन्याकडे पाहून शेपटीचे टोक हलवले, आणि पुढच्याच क्षणी पाठीची कमान करून सारी पेज पिवळ्या फेसासह फरशीवर आणली.

"परत?" त्याची बायको उषा पोतेरे घेऊन आली.

दारात शेजारची ठमी उभी होती. बोईसरच्या बाजारात ती सुकी मासळी विकत असे.

"बघा हां वैनी, माझ्या बोंबलांवर आळ नको. कवापासून एक मुंडकं टाकलं नाय त्याला."

"तुम्हाला कोण म्हणतंय?" उषाने फरशी पुसली आणि स्वतःचे ताट झाकून ठेवले. "मलाच आज अन्न नको झालंय. मळमळतंय नुसतं."

"गोड बातमी हाय काय?"

"गप्प बसा! लेकीचं लग्न झालंय माझ्या, जावई आलाय घरात."

चंद्रभानही हसला, परंतु भुऱ्याच्या पोटावरचा हात त्याने काढला नाही. हाताखाली ते पोट थरथरत होते.

उपाय करायचे त्यांनी बाकी ठेवले नव्हते. दूध तोडले, हाडे तोडली, दृष्ट काढली. पालघरच्या जनावरांच्या डॉक्टरने सुई टोचली आणि 'काहीतरी चाटत असेल, लक्ष ठेवा' असे सांगून तो पुढच्या बकरीकडे वळला. लक्ष ठेवूनही काही सापडले नाही. दुखणे येई, कुत्र्याला पिळून काढी आणि आल्या वाटेने निघून जाई.

"तुम्ही गावी लग्नाला गेला होता, तो आठवडा तेवढा बरा गेला," उषा म्हणाली. "मी नि भुऱ्यानं, दोघांनी कोळंबी चापून खाल्ली. तुमचीच नजर लागते त्याला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्रभान रंगाच्या कारखान्यातून परतला, तेव्हा सकाळपासून निपचित पडलेला भुऱ्या सरपटत उंबऱ्यापाशी आला. चंद्रभान बूट काढायला बसला. कुत्र्याने नित्याप्रमाणे त्याचे घोटे चाटले, पँटची किनार चाटली, मग हाताचे एकेक बोट चाटू लागला. या प्रेमाचे चंद्रभानला मनोमन भूषण वाटे. दिवसभर ज्याला कोणी नावाने हाक मारत नसे, त्याची वाट पाहणारे कोणीतरी होते.

आज मात्र त्याची दृष्टी त्या जिभेवर गेली. जीभ पिवळी होती. तो पिवळा रंग त्याच्या ओळखीचा होता. त्याच रंगाची भुकटी तो दिवसभर पोत्यांत भरत असे. त्याने पाय मागे ओढला. भुऱ्याला तो खेळ वाटला, आणि तो अधिकच पुढे सरकला.

कारखान्यात आंघोळीला पाणी मिळावे, कपडे तिथेच ठेवता यावेत, असे त्याने मुकादमाला सांगून पाहिले.

"घर में नल नहीं है क्या, भाई?" मुकादम हसला.

नोकरी सोडण्याचा विचारही त्याने केला. पण दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर गेला असता, तर भुकटीचा रंग तेवढा बदलला असता.

रविवारी ठमी भुऱ्याला चिंचणीला, आपल्या भावाकडे, गोमाकडे, घेऊन गेली. रिक्षात चढताना भुऱ्याने मान वळवून जीभ बाहेर काढली. चंद्रभान स्वच्छ आंघोळ करून आला होता, तरीही त्याने दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले.

काही दिवसांनी तो कामावरून येत असता ठमीने त्याला वाटेतच गाठले.

"भाऊ, कुत्रा वळखू येनार नाय तुमाला! आमच्या गोमाच्या होडीखाली झोपतो, मासली खातो. फुगलाय नुस्ता."

ही वार्ता उषाला सांगावी म्हणून तो लगबगीने घरात शिरला. उषा मोरीत बसली होती. कोपरापर्यंत हात बादलीत घालून ती त्याचे कालचे कपडे चुबकत होती. फेस पिवळा होता. तिने ओल्याच मनगटाने तोंडावरचा घाम पुसला.

"भुऱ्या बरा झाला म्हणे," तो म्हणाला.

"बाई गं! सुटला बिचारा."

ओट्यावर तिचे ताट झाकलेले होते.

"जेवली नाहीस?"

"नको वाटतंय. तेच आपलं, मळमळ."

चंद्रभान उंबऱ्यातच थबकला. मग अंगावरचे कपडे त्याने बाहेर ओसरीवर उतरवले, पंचा गुंडाळला आणि मोरीत येऊन तिच्या हातातली पँट काढून घेतली.

"अहो, हे काय भलतंच?"

"ऊठ तू. मी धुतो."

"आज काय अंगात आलंय की काय तुमच्या?" ती हसली, पदराला हात पुसत भिंतीला टेकून बसली.

तो पँट घासत राहिला. पिवळे पाणी गेले, पुन्हा पिवळेच आले. दोरीवर दुसरा जोड वाळत होता, उद्याच्या पाळीचा.