लोण्याचा वास

गोणीचं वजन हटून बसलं होतं. वाढत नव्हतं आणि उतरतही नव्हतं. रोज पहाटे ती काट्यावर उभी राहायची, श्वास रोखून खाली बघायची, आणि काटा काल होता तिथेच असायचा.

गोणी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. शाळेत ती जाडी होती म्हणून मुलींनी ते ठेवलं. पुढे बेकरीत कामाला लागली, मैद्याची भरलेली गोणी एकटीनं खांद्यावर टाकून जिना चढली, आणि शाळेतलं काही ठाऊक नसताना तिथल्या लोकांनीही तेच नाव ठेवलं. नाव तेच राहिलं, फक्त कारण सुधारलं, असं ती म्हणायची. आता पंचेचाळिशी गाठली होती. लग्न केलं नव्हतं आणि त्याचं दुःखही केलं नव्हतं. घरात ती आणि तिची आई, दोघीच.

व्यायामाचा नाद तिला उशिरा लागला. बेकरीमागच्या गल्लीत, गाड्या दुरुस्त करायच्या शेडच्या वर एक व्यायामशाळा होती. तिथले मास्तर बुटके, रुंद आणि तोंडाचे फटकळ. एकदा पाव घ्यायला आले असताना त्यांनी हिला गोणी उचलताना पाहिलं आणि म्हणाले, "एवढी ताकद मैद्यावर कशाला वाया घालवतेस?" ती नुसती बघायला म्हणून गेली ती तिथलीच झाली. हळूहळू पाठ रुंदावली, दंड भरले, मांड्या घट्ट झाल्या. यंदा मास्तरांनी तिचं नाव शरीरसौष्ठव स्पर्धेला दिलं. चाळिशीपुढच्या बायका, हलका गट. हलक्या गटाला वजनाची हद्द होती. ती ओलांडली की जड गटात उभं राहायचं, आणि जड गटातल्या बायकांपुढे गोणी म्हणजे कपाटापुढे स्टूल.

तेव्हा चरबी उतरवायची होती आणि स्नायू राखायचे होते. हे बोलायला सोपं. मास्तरांनी आहार ठरवून दिला: उकडलेलं चिकन, अंड्याचा पांढरा भाग, पाण्यात शिजवलेले ओट्स, रताळं, काकडी, पाला. तेल-तूप-लोणी बंद. "घरातलं संपलं की माणूस माळ्यावरचं काढतो," मास्तर म्हणायचे. "चरबी म्हणजे माळ्यावरचं सामान. खाली भरत राहिलीस तर शरीर वर कशाला चढेल?"

गोणीनं ते मनावर घेतलं. आयुष्यभर हे शरीर ओझी वाहायला होतं, मैद्याची, साखरेची आणि लोकांच्या चेष्टेची. ते तिनं स्वतः घडवलं होतं, आणि एकदा, फक्त एकदा, दिव्याच्या उजेडात लोकांनी ते बघावं असं तिला वाटत होतं. दुसरं काही तिला नको होतं.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. गळ्याखालची हाडं वर आली, गाल आत गेले, दंडावरच्या शिरा दिसायला लागल्या. मास्तर खूश होते. आणि मग एकाएकी सगळं थांबलं.

"बेकरीत काय तोंडात टाकतेस?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही."

"क्रीम तर चाखावं लागत असेल."

"आता मालक चाखतात. मी चमचाही चाटत नाही."

मास्तरांनी काट्याकडे बोट केलं. "शरीर खोटं बोलत नाही, गोणी. माणूस बोलतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. गोणीला ते फार लागलं. दिवसभर केक, बिस्किटं आणि गरम पावांच्या मधे उभं राहून जिनं कणभरही तोंडात टाकलं नव्हतं, तिला खोटारडी म्हणायचं म्हणजे काय? पण वाद घालायचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं रताळं निम्मं केलं. बस सोडून घरी चालत जायला लागली. ओठांवर काही उडू नये म्हणून भट्टीपाशी तोंडाला फडकं बांधायला लागली, तर मालक म्हणाले, "दरोडा घालायला निघालीस की काय?" एके दिवशी चक्कर आली आणि बनांचा अख्खा ट्रे तिच्या हातून पडला. त्या दिवशी मालकांनी तिला लवकर घरी पाठवलं, आणि ट्रेची गोष्ट आईला कळली. आई नुसती तिच्या मनगटाकडे बघत राहिली.

एवढं करूनही काटा ढिम्म हलेना. शेवटी मास्तरांनी बजावलं, "येत्या रविवारी वजन करू. उतरलं नाही तर नाव काढून घेतो. जड गटात उभी करून मी तुझं हसं होऊ देणार नाही."

बरोबर त्याच आठवड्यात बेकरीच्या भट्टीचा तळ तडकला. गवंडी आला, विटा उचकटल्या, आणि मालकांनी बेकरी बंद ठेवली. गोणीला भरपूर वेळ मिळाला. सकाळी आईनं भरलेला डबा घेऊन ती व्यायामशाळेत जायची, अंग मोडेपर्यंत व्यायाम करायची आणि मग बाहेरच्या जिन्यावर बसून जेवायची.

शनिवारी तिनं तसाच डबा उघडला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. डब्याला लोण्याचा वास येत होता.

आधी तिला वाटलं, आपल्याच कपड्यांना येतोय. बसमध्ये शेजारच्या बायका नेहमी म्हणायच्या, तुमच्याजवळ छान वास येतो हो लोण्याचा. गोणीला मात्र तो कधीच आला नव्हता. पहाटेपासून हात कोपरापर्यंत लोण्यात असले की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं, जिभेला त्याची चव लागेनाशी होते, बोटांनाही तुपकट काय आणि कोरडं काय हे कळेनासं होतं. पण आज भट्टी बंद होऊन पाच-सहा दिवस झाले होते. कपडे धुतलेले होते. नाक ताळ्यावर आलं होतं. तिनं चिकनचा तुकडा दोन बोटांत दाबला, आणि बोटं चमकली. ओट्स चमच्यानं उकरले. तेही लोण्यात भिजलेले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती बेकरीत तोंडाला फडकं बांधून फिरत होती आणि लोणी तिच्याच डब्यात रोज तिच्याबरोबर बेकरीत येत होतं. आणि तेही तिनंच घरी नेलेलं. मालक दर आठवड्याला लोण्याच्या ठोकळ्यांचे उरलेसुरले तुकडे कागदात बांधून द्यायचे, आईच्या पावाला म्हणून. शत्रूला रसद ती स्वतःच्या हातानं पोचवत होती. पहाटे ती लवकर निघायची, म्हणून चिकन तोलून ठेवायची ती आणि शिजवायची आई. इतका साधा हिशेब तिच्या डोक्यात आला नव्हता, कारण आईवर कोण पहारा ठेवतं?

ती न जेवताच घरी गेली. आई खिडकीपाशी बसून तिच्या जुन्या पँटची कंबर आत घेत होती. गोणीनं डबा तिच्यापुढे ठेवला.

"आई, यात काय घातलंस?"

"पाणी आणि मीठ. तू सांगितलंस तेच."

"आई."

आईनं सुई कापडात टोचून ठेवली. "घातलं लोणी. आणि उद्याही घालीन. तू जेवण कमी केलंस तसं मी जास्त घातलं. कुणीतरी घालायला नको का?"

गोणीचा राग डोक्यात गेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यामुळे तो कुठे काढायचा हेही कळेना. "तिकडे मास्तर मला खोटारडी म्हणतात. चक्कर येईपर्यंत मी उपाशी राहिले. कशासाठी? तू माझी एवढ्या दिवसांची मेहनत मातीत घातलीस."

"घातली तर घातली. तू जिवंत आहेस ना?"

"मी आजारी नाही, आई."

"तेही हेच म्हणायचे," आई म्हणाली.

गोणीचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजारात ते आतून झिजत गेले होते, आणि शेवटपर्यंत त्यांना अंघोळ घालायची ती आई.

"आधी गळ्याची हाडं वर आली," आई म्हणाली. "मग गाल गेले. मग पाठ. रोज पाठ चोळताना माझ्या हाताला एकेक हाड नवीन लागायचं. ते म्हणायचे, मला काही झालं नाही, तू उगाच घाबरतेस. आता तुझे गाल गेलेत. मी काय करू? बसून बघू?"

गोणीचा राग गेला नाही, पण ती खुर्ची ओढून आईसमोर बसली. वडिलांची पाठ तिनं कधी चोळली नव्हती. ती तेव्हा बेकरीत असायची.

"उद्या माझ्याबरोबर चल," ती शेवटी म्हणाली. "मी काय करते ते बघ. मग जे बोलायचं ते बोल."

रविवारी आई हातातली पर्स मांडीवर घट्ट धरून व्यायामशाळेतल्या बाकावर बसली. गोणी काट्यावर चढली. काटा तिथेच. मास्तरांनी मान हलवली आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई उठली.

"तिला बोलू नका. लोणी मी घालत होते."

मास्तरांनी गोणीकडे बघितलं, मग आईकडे. "लोणी? किती, मावशी?"

"हाताला येईल तेवढं. चिकनमध्ये, ओट्समध्ये. ही रताळं कमी खायला लागली तेव्हा दुप्पट केलं."

मास्तर खाली बसले. आधी त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग इतके हसले की कोपऱ्यातल्या आरशापुढची दोन माणसं वळून बघायला लागली. "गोणी, एवढं लोणी पोटात जाऊन तुझं वजन वाढलं नाही? जागच्या जागी राहिलं? अगं, म्हणजे तू बैलासारखी राबलीस." मग हसू आवरून ते म्हणाले, "मी तुला खोटारडी म्हणालो. चुकलं माझं."

"नाव ठेवा यादीत," गोणी म्हणाली. "लोणी बंद झालं की उतरेल."

"ठेवतो. पण रताळं होतं तेवढं पुन्हा खायचं. चक्कर येऊन कुणी बक्षीस आणत नाही."

मग गोणीनं जमिनीवरची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली, दोन्ही बाजूंना जाड चकत्या लावलेली, आणि उचलली. आईनं बघितलं. पुन्हा उचलली, पुन्हा बघितलं. दांडी धाडकन खाली आली तेव्हा आईनं पर्स छातीशी धरली होती.

घरी जाताना आई म्हणाली, "मला काही पटलेलं नाही. लोखंड उचललं म्हणून गाल भरत नाहीत. पण तू म्हणतेस तर नाही घालणार."

आणि नाही घातलं. एकदा शब्द दिल्यावर आईपुढे मास्तरही फिके पडले. चिकन तीच तोलायला लागली, काकडीसुद्धा. बेकरी सुरू झाली तेव्हा तिनं मालकांना निरोप धाडला की तुकडे पाठवू नका. पण जेवताना ती गोणीच्या समोर बसायची नाही. पाठ करून ओट्यापाशी उभी राहायची आणि उगाचच भांडी विसळत राहायची. गोणीला ते कळत होतं. ती जेवायची, डबा घासायची आणि व्यायामाला जायची. थांबायची नाही. आईला समजावून सांगायला शब्द नव्हते, आणि व्यायाम सोडायचा तिचा विचार नव्हता.

काटा उतरला. आधी कुरकुरत, मग सरळ. स्पर्धेच्या सकाळी वजन घेणाऱ्या बाईनं काट्याकडे बघून "हलका गट" म्हटलं, तेव्हा गोणीनं मास्तरांकडे पाहिलंही नाही. तिनं डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला, बस्स.

रंगमंचामागची खोली अरुंद होती. भिंतीला आरसे, जमिनीवर पिशव्या, आणि अंगाला गडद रंग फासलेल्या बायका हात पसरून उभ्या, रंग वाळायची वाट बघत. आई दाराशी उभी होती. उघड्या अंगाची गोणी तिनं लहानपणानंतर कधी पाहिली नव्हती, आणि आताही ती जमिनीकडेच बघत होती. पोटावरचे स्नायू, मांडीच्या रेषा, कातडीखालून चालणाऱ्या शिरा, हे सगळं तिला नको होतं.

मास्तरांनी दारातून एक बाटली आत दिली. "दिव्याखाली चकाकायला तेल. पाठीला हिचा हात पुरणार नाही. मावशी, तुम्ही लावा. पातळ लावा, बरं का."

आईनं बाटली घेतली. तळहातावर तेल ओतलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. गोणी पाठमोरी झाली. आरशात तिला आईचा चेहरा दिसत होता. एखादं जड दार उघडायच्या आधी माणूस जसं मन घट्ट करतो, तसं आईनं केलं आणि हात पुढे नेला.

हात मानेखाली टेकला. खांद्यावरून फिरला. खांद्याच्या पात्यापाशी आला आणि थांबला. बोटांनी दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं, अजून खाली, कण्याच्या दोन्ही बाजूंनी. सगळीकडे घट्ट, भरलेलं, गरम मांस होतं, आणि ते तिच्या बोटांना परत ढकलत होतं.

"हाड लागत नाही गं," आई म्हणाली. "कुठंच हाड लागत नाही."

"नाही लागायचं, आई."

आईनं डाव्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले आणि पुन्हा तेल घेतलं. आता तिचा हात भराभर चालायला लागला, खांद्यांवरून दंडांवर, दंडांवरून कमरेपर्यंत. बाहेर गोणीचा क्रमांक पुकारला.

"पुरे मावशी, फार झालं," मास्तर दारातून म्हणाले. "पातळ सांगितलं होतं ना?"

"लावू द्या तिला," गोणी म्हणाली.

आईनं बाटली उपडी केली, शेवटचा थेंबही तिच्या पाठीला चोळला, आणि मग तिला हलकेच पुढे ढकललं.