डब्यावरचा शिक्का

काटेसाहेबांना कोणी काही फुकट दिलं, की त्यात काय कालवलंय याची त्यांना काळजी लागायची. चौतीस वर्षं त्यांनी वजनं-मापं तपासायच्या खात्यात काढली होती. ते बाजारात शिरले की दुकानदार एकमेकांना खुणा करायचे, "काटेसाहेब आले," आणि पुढची दहा मिनिटं सगळा बाजार सचोटीने वागायचा. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता त्यांनाही परकं वाटे.

बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले. मुलगी एकुलती एक. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. घरात सगळं ठीक होतं, फक्त सासऱ्याचा जावयावर विश्वास नव्हता. त्याला काही कारण होतं म्हणाल तर नव्हतं, आणि कारण सापडत नाही म्हणूनच संशय जास्त बळावला होता. सहा वर्षांत एका माणसाचं एकही वजन खोटं निघू नये, हे काटेसाहेबांच्या अनुभवात बसत नव्हतं.

मुलीला नवीन कॉम्प्युटर हवा होता. एका प्रकाशकाने तिला विद्यार्थ्यांसाठी शरीराच्या आतली हलती चित्रं करायचं काम दिलं होतं. हृदयाच्या झडपा कशा उघडतात, रक्त कुठून कुठे जातं, असं. हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. सोमवारी सुरू करायचं होतं, आणि सोमवारी जमलं नाही तर दुसरा माणूस तयार आहे, हेही प्रकाशकाने गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. जुन्या कॉम्प्युटरवर ते हृदय दोन ठोके देऊन बंद पडायचं.

बुधवारी तिघं सुटे भाग घ्यायला गेले. काटेसाहेबांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ते बूट घालून दारात उभे होते.

दुकान दुसऱ्या मजल्यावर, अरुंद. भिंतभर खोकी, आणि काचेच्या टेबलामागे चष्म्याला दोरी लावलेल्या मालकीणबाई.

"या लिफ्टवाले," त्या जावयाला म्हणाल्या. "परवा तुमच्यामुळे माझे गुडघे वाचले."

ओळख आहे तर, काटेसाहेबांनी मनात नोंद केली. आता कमिशन किती, एवढंच बघायचं.

मुलीने यादी काढली. प्रोसेसर ठरला, रॅम ठरली, ग्राफिक्स कार्डावर थोडी घासाघीस झाली. मग जावयाने पेन घेतलं आणि काचेचं, दिवे लागणारं कॅबिनेट खोडून साधं काळं पत्र्याचं लिहिलं. खाली पॉवर सप्लायपुढे, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यापुढे, मुलीने साडेपाचशे वॅट लिहिले होते, ते खोडून साडेसातशे केले. वर चांगल्या कंपनीचं नाव टाकलं.

काटेसाहेब पुढे सरकले. "सगळ्या भागांची बेरीज किती होते?"

"साधारण साडेचारशे वॅट," मालकीणबाई म्हणाल्या.

"मग साडेसातशेचा कशाला, जावईबापू? साडेचारशेच्या अंगाला साडेसातशेचा सदरा?"

जावई हसला. "बाबा, लिफ्ट चालू असताना मोटर शांत असते. थांबलेली हलवायची म्हटली की तीच मोटर केवढी वीज ओढते. या कार्डाचंही तसंच. मध्येच एकदम उसळी मारतं. पॉवर सप्लायला दम नसला तर ऐन कामात सगळं बंद. आणि हलक्या मालाचा जळताना एकटा जळत नाही, सगळ्यांना घेऊन जातो."

मुलीला पटलं. मालकीणबाईंनी मान डोलावली. काटेसाहेबांच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. जे दिसतं ते स्वस्तातलं, आणि जे पत्र्याआड कोणाला कधी दिसणार नाही ते महागातलं? बाजारातली अर्धी लबाडी त्यांनी याच रस्त्याने येताना पकडली होती.

पॉवर सप्लाय दुकानात शिल्लक नव्हता, दुसऱ्या दिवशी यायचा होता. "उद्या सकाळी मीच येऊन नेतो," जावई म्हणाला. म्हणजे तो डबा एकटा जावई आणणार, हेही काटेसाहेबांनी टिपून ठेवलं.

गुरुवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. जेवणाच्या टेबलावर सगळे भाग खोक्यांत रचलेले होते. काटेसाहेबांनी आपल्या कपाटातून खिशात मावणारा स्प्रिंगचा काटा काढला. निवृत्तीच्या वेळी सगळं परत केलं होतं, हा तेवढा स्वतःचा होता. पॉवर सप्लाय आकड्याला टांगला. बरोबर आलेल्या कागदावर वजन लिहिलं होतं एक किलो सहाशे. काटा दाखवत होता एक किलो आठशे चाळीस.

दुसरा कोणी म्हणाला असता, वा, जड आहे, म्हणजे दणकट आहे. काटेसाहेबांना घाम फुटला. कमी वजन ही भुरट्यांची लबाडी. खरा मुरलेला व्यापारी माल विकायला हलकी वजनं ठेवतो आणि घ्यायला जड. जास्तीचं वजन कोणीतरी घातल्याशिवाय येत नाही. पोटात शिसं ओतून वरून रंग दिलेलं वजन त्यांनी स्वतः फोडून दाखवलं होतं. या डब्यातही शिसं नाहीतर सिमेंट असणार, आणि आत माल दोन कवडीचा. मुलीचं काम सोमवारी सुरू होणार, आणि बुधवारी जळून बसणार.

डब्याला चार स्क्रू होते. चौथ्यावर चकाकता कागदी शिक्का: काढल्यास हमी रद्द.

शिक्का म्हणजे काय, हे काटेसाहेबांइतकं कोणाला ठाऊक असेल? वजन खोटं निघालं तर ते दंड करून सोडत. शिक्का तोडलेला सापडला तर त्यांनी कधीच कोणाला सोडलं नव्हतं. गयावया करणाऱ्या म्हाताऱ्याला नाही, की वरच्या साहेबांच्या मेहुण्याला नाही. पण इतकी वर्षं तोडलेले शिक्के बघितल्यामुळे न फाटता शिक्का कसा काढायचा, हेही त्यांना पाठ होतं. मुलीचं केस वाळवायचं यंत्र, दोन मिनिटांची ऊब आणि दाढीचं पातं. शिक्का सालीसारखा अलगद सुटला.

आत तांब्याची वेटोळी होती, छोटी छोटी पिंपं होती, आणि मधोमध वाळलेल्या पांढऱ्या लगद्याचा गोळा.

"सापडलास," काटेसाहेब म्हणाले.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरने गोळा उचकटला. तो कचकन निघाला, त्याच्याबरोबर एक वेटोळं जरा हललं. गोळ्यात शिसं नव्हतं आणि सिमेंटही नव्हतं. वास घेतला तर डिंकासारखा चिकटवायचा पदार्थ, वेटोळं हलू नये म्हणून कारखान्यातच लावलेला. आणखी काही नव्हतं. वजन कुठून आलं ते कळेना. त्यांनी सगळं पुन्हा बंद केलं, शिक्का जागच्या जागी बसवला आणि अंगठा दाबून धरला. अंगठा बराच वेळ काढवेना.

शुक्रवारी संध्याकाळी जावयाने जमिनीवर चादर टाकून कॉम्प्युटर जोडला. मुलगी शेजारी बसून स्क्रू देत होती. शेवटी त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. वायरी काढून लावल्या. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जोडून बघितला, तर पंखा लगेच फिरला. म्हणजे दोष नव्यातच होता.

काटेसाहेबांना कालचा पांढरा गोळा आठवला. पण माणसाचं मन मोठं सोयीचं असतं. दोन मिनिटांत त्यांना वाटायला लागलं, की माल मुळातच नासका असणार. उघडला नसता तरी चालला नसताच.

जावई हात धुवायला गेला तेव्हा ते मुलीला हळूच म्हणाले, "मी सांगत होतो. विचार त्याला, डबा घरी यायच्या आधी कुठे कुठे फिरून आला ते."

"बाबा, पुरे." मुलगी एवढंच म्हणाली. पण तिने आतल्या दाराकडे बघितलं, ते त्यांनी पाहिलं.

शनिवारी पुन्हा दुकान. मालकीणबाईंनी डबा घेतला, तपासायच्या यंत्राला जोडला, मान हलवली. मग चष्मा चढवला आणि डबा दिव्याखाली तिरपा धरला. शिक्क्याच्या कडेवरून नखाची पाठ फिरवली. घाई नाही, बडबड नाही. काटेसाहेबांच्या अंगावर काटा आला. स्वतः ते अगदी असंच करायचे.

"शिक्का गरम करून काढलाय आणि परत लावलाय," त्या म्हणाल्या. "काम सफाईचं आहे. पण गरम झाला की खालची चकाकी मरते. लिफ्टवाले, याची हमी गेली."

"मी उघडला नाही," जावई म्हणाला.

"डबा सीलबंद तुमच्याच हातात दिला होता."

"हो. पण मी उघडला नाही."

मुलगी त्याच्याकडे वळली. "खरं सांग. दुसऱ्या कोणाला दाखवायला दिला होतास का? काही बदललंस का आतलं?"

"नाही."

ती पुढे काही बोलली नाही. मान किंचित कलती करून त्याच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली.

ती नजर काटेसाहेबांची होती. लहानपणी तिला शेजारी बसवून त्यांनीच कौतुकाने शिकवली होती: माणूस नाही म्हणाला की लगेच पुढचं विचारायचं नाही, बघत राहायचं, खोट्याला शांतता सोसत नाही. जावई ती शांतता सोसत उभा होता. कान लाल झाले होते, पण नजर खाली गेली नव्हती. सहा वर्षं तो रोज असाच उभा होता, जेवणाच्या टेबलाशी, दारात, पगाराच्या दिवशी. आजवर मुलगी तरी त्याच्या बाजूला असायची.

गप्प राहिलं तर कोणाला कधी कळणार नव्हतं.

"मी उघडला," ते म्हणाले.

कोणी काही बोललं नाही, म्हणून त्यांनी पुढचंही सांगितलं: काटा, दोनशे चाळीस ग्रॅम, केस वाळवायचं यंत्र, पांढरा गोळा. जबाब देणाऱ्या दुकानदारांसारखं, ओळीने, खाली बघत.

"अहो, कागदावरचं वजन नुसत्या डब्याचं," मालकीणबाई म्हणाल्या. "या वायरी आतूनच जोडलेल्या येतात, त्या सुटत नाहीत. त्यांचं वजन कोण धरणार?"

चौतीस वर्षं लोकांना बजावत आलेले काटेसाहेब, की आधी पिशवीचं वजन वजा करा. इथे मात्र त्यांचं मन वजाबाकीपर्यंत पोचलंच नव्हतं.

"चुकलं माझं," मुलगी हळू आवाजात म्हणाली, पण ते नवऱ्याला. वडिलांकडे तिने बघितलंही नाही.

"चल," जावई म्हणाला. "सोमवारला अजून दोन दिवस आहेत."

तसाच दुसरा पॉवर सप्लाय शिल्लक होता. काटेसाहेबांनी पाकीट काढलं आणि कोणाला बोलू दिलं नाही.

परतताना जावई गाडी चालवत होता, मुलगी त्याच्या शेजारी. मागे काटेसाहेब, मांडीवर नवा डबा. रस्ता खणलेला होता, गाडी उसळत होती, म्हणून त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. खोक्याचं झाकण उसळीने उघडलं होतं, ते मिटायला त्यांनी बोटं आत घातली.

मुलगी मागे वळली. तिने त्यांची बोटं बघितली.

"बाबा, शिक्क्याला हात लावला नाहीत ना?"

"नाही गं."

ती काही बोलली नाही. मान किंचित कलती करून बघत राहिली. काटेसाहेबांना सांगायचं होतं, की झाकण आपोआप उघडलं, आपण ते मिटत होतो, पण मनातल्या मनातसुद्धा ते खोट्यासारखं ऐकू येत होतं. खरं बोलणाऱ्यालाही शांतता सोसत नाही, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

जावयाने समोरचा खड्डा चुकवला. मागे न वळता तो म्हणाला, "नाही लावला. बाबा म्हणाले ना."