चारशे सातपुरती अट

रिपोर्ट खोटं बोलत नाही, असं आमच्या बस डेपोत सगळे छातीठोकपणे सांगायचे. मला त्या वाक्याची चीड होती. रिपोर्ट मुळात बोलतच नाही. त्याला विचारलं तेवढंच तो देतो, आणि काय विचारायचं ते कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलेलं असतं.

त्या कुणीतरीच्या शेजारच्या खुर्चीत मी बसायचे. डेपोच्या कॉम्प्युटर विभागात लागून मला वर्ष होत आलं होतं. माझे साहेब मॅनेजरांच्या प्रत्येक वाक्याला "होय, अगदी बरोबर" म्हणत, म्हणून सगळा डेपो त्यांना होयबा म्हणायचा. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तयार रिपोर्टचं बटण दाबायचं. स्वतःच्या क्वेरी लिहीत बसायचं नाही." म्हणजे स्वयंपाकाला बाई ठेवायची आणि तिने शेगडीला हात लावायचा नाही.

मग दादाच्या बसचे ब्रेक गेले. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, त्याच डेपोत चालक. उतारावर चारशे सात नंबरची गाडी थांबेना, तेव्हा त्याने ती कडेच्या भिंतीला घासत नेऊन कशीबशी थांबवली. जीव कुणाचा गेला नाही, पण एका प्रवाशाचा पाय मोडला. ब्रेकची तक्रार आपण आधीच डेपोतल्या मशीनवर नोंदवली होती, असं दादा सांगत राहिला. मॅनेजरांनी रिपोर्ट काढला. चारशे सातवर एकही तक्रार नव्हती. दादा निलंबित झाला. चौकशीत हेच कायम झालं असतं तर नोकरी तर गेलीच असती, वर त्या प्रवाशाच्या पायाचं खापर जन्मभर त्याच्या डोक्यावर फुटलं असतं.

आमचा दादा तोंडाळ आहे, हट्टी आहे, पण खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. लहानपणापासून मी ते पाहत आलेय. या वेळी झाले नव्हते. मी होयबांचा हुकूम बसवला धाब्यावर आणि ते जेवायला गेल्यावर क्वेरी लिहिली.

क्वेरी म्हणजे काही मंत्र नव्हे, कॉम्प्युटरात साठवलेल्या नोंदींना विचारलेला प्रश्न. सिलेक्ट म्हणजे काय हवंय, फ्रॉम म्हणजे कुठल्या तक्त्यातून, व्हेअर म्हणजे कुठल्या अटीवर. तक्रारींच्या तक्त्यातून सगळं दे, जिथे गाडी चारशे सात. झालं. एंटर दाबलं आणि दादाची ओळ समोर आली : 'ब्रेक उशिरा लागतात.' तारीख अपघाताच्या आधीची. मेकॅनिकचा रकाना रिकामा.

मग ही ओळ रिपोर्टात का नाही? मी रिपोर्टची क्वेरी उघडली. तिथे तक्रारींचा तक्ता मेकॅनिकांच्या तक्त्याशी जोडला होता, आणि या जोडणीचा नियम असा की दोन्हीकडे जोड सापडली तरच ओळ दिसते. समारंभाला जोडप्यानेच यायचं, एकटं आलेल्याने दारातूनच परत जायचं, तसं. आमच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते कुठे पुरेसे? ज्या तक्रारीला मेकॅनिकच मिळाला नाही, ती रिपोर्टातून गायब. ज्या गाडीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, ती कागदावर ठणठणीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी होयबांना दाखवलं. ते दचकले नाहीत, त्यावरूनच मी काय ते समजले. संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅनेजरांशी बोललोय. चौकशीत तूच क्वेरी चालव. पण अट चारशे सातपुरतीच ठेव. एक नोंद चुकून राहिली म्हणू. तुझा भाऊ सुटेल."

"आणि बाकीच्या गाड्या?"

"त्यांचं बघू."

"कधी?"

"अगं, बघू म्हटलं ना!"

घरी वहिनीला सांगितलं. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "घे की पदरात पाडून. आधी आपलं घर, मग गावाची उठाठेव." दादा खिडकीशी बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मी हो म्हणेन."

त्याचे कान लाल झाले नाहीत. खरं बोलला, म्हणून मला त्याच्यावर धड रागावताही येईना.

चौकशी डेपोच्याच माडीवर झाली. बाहेरून आलेल्या चौकशी अधिकारी बाई मध्ये, शेजारी मॅनेजर आणि होयबा, समोर दादा. मागच्या बाकांवर युनियनचे चालक, फेऱ्यांच्या मधल्या वेळात येऊन बसलेले. मी लॅपटॉप पडद्याला जोडला आणि क्वेरी चालवली. पडद्यावर एकच ओळ आली. दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडत होता.

"तांत्रिक चूक," मॅनेजर म्हणाले. "एक नोंद राहिली. चालकाचा दोष नाही. विषय संपला."

"होय, अगदी बरोबर," होयबा म्हणाले.

लॅपटॉप मिटायचा होता, बस्स. दादा सुटला होता. मी व्हेअरच्या ओळीवर गेले, चारशे सात खोडलं आणि नवी अट लिहिली : जिथे मेकॅनिकचा रकाना रिकामा आहे.

"काय करतेयस?" मॅनेजर ओरडले. "भावासाठी चाललंय हे सगळं!"

"भावाची ओळ मघाशीच आली, साहेब. आता येतायत त्या तुमच्या गाड्या."

मी एंटर दाबलं. पडदा वरपासून खालपर्यंत भरला.

मागच्या बाकावरचे मिशीवाले काका उठून पडद्याजवळ आले. डेपोतले सगळ्यात जुने चालक. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "दोनशे बारा. स्टिअरिंग अडकतं. ही माझीच तक्रार." मग ते खिडकीशी गेले. "दोनशे बारा खाली उभीय. माणसं बसलीत आत. आता मलाच न्यायचीय."

अधिकारी बाईंनी मॅनेजरांना विचारलं, "ही गाडी दुरुस्त झालीय का?" मॅनेजरांनी होयबांकडे पाहिलं. होयबांनी टेबलाकडे.

"हे असंच चालणार असेल," मॅनेजर दादाकडे वळून म्हणाले, "तर चारशे सातचाही पुन्हा विचार करावा लागेल."

मी दादाकडे पाहायचं टाळलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"करा," दादा म्हणाला. "काका, चला. माणसं उतरवू."

"निलंबित माणसाने गाडीला हात लावायचा नाही!"

"गाडीला नाही लावत," दादा दारातून म्हणाला. "माणसांना लावतो."

दोघे जिना उतरून गेले. थोड्या वेळाने खालून प्रवाशांचा कालवा ऐकू आला. कुणीतरी उशीर होतोय म्हणून दादाला शिव्या देत होतं. होयबा माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "बंद कर आता. पुरे झालं." पण पडद्यावर अजून खाली ओळी होत्या, आणि मागच्या बाकांवरून एकेक चालक उठून पुढे येत होता, आपापल्या गाडीचा नंबर शोधत. मी खाली सरकवत राहिले.