विहिरीतला म्हातारा

चिंतामणी मास्तरांचा टायपिंग क्लास भिवंडीच्या कामतघरात होता, तोही लूमच्या शेडच्या बरोबर डोक्यावर. खाली चोवीस माग खडखडायचे, वर दहा टाइपरायटर टकटकायचे. मास्तर छाती काढून सांगायचे, "इथं शिकलेला पोरगा भूकंपात बसवला तरी चूक करणार नाही."

मास्तरांचा धाकटा भाऊ विलायतेत डॉक्टर. एका दिवाळीला तो आला तेव्हा एक प्लेअर आणि चार रेकॉर्डी घेऊन आला, आणि जाताना विसरला की मुद्दाम टाकून गेला, देव जाणे. चारही रेकॉर्डी एकाच पार्टीच्या. मागच्या बाजूला पाच गोऱ्यांचा फोटो, केस खांद्यापर्यंत, एकाच्याही तोंडावर हसू नाही. एकेक गाणं अख्खी बाजू खाऊन बसायचं, वीस-वीस मिनिटं. त्यावर नाचता येत नाही, टाळी धरता येत नाही. मास्तर नाट्यगीतवाले. हे लागलं की ते थेट खाली पानाच्या गादीवर.

ऐकणारे दोनच. एक राघो. खालच्या शेडचा जॉबर, म्हणजे माग अडला की ज्याच्या नावाने हाक पडते तो. राघो हात लावायच्या आधी कान लावायचा. चोवीस मागांच्या कल्लोळात उभा राहून सांगायचा, "नवाचा धोटा धारेवर घासतोय, परवा फुटंल." आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडे धावणारं ते लाकूड परवा फुटायचंच. शेठने त्याला त्या कानांसाठीच ठेवलेला. दुपारी तीनला त्याची शिफ्ट सुटून दुसरी लागली की चारच्या क्लासपर्यंत राघो वर जाऊन एक बाजू ऐकायचा. शुक्रवार सोडून रोज. शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत सगळ्या भिवंडीचे लूम बंद, तेव्हा तो खारबावला आईकडे जायचा, तिच्या हातची भाकर खायला.

दुसरा हरी. दापोड्याच्या ट्रान्सपोर्टात कारकून. त्याला सुट्टी फक्त शुक्रवारची. शुक्रवारी क्लासही बंद, मग तो अख्खी दुपार तिथे लोळत चारही रेकॉर्डी ऐकायचा. वय वीस, चष्मा, आणि कव्हरवरचं इंग्रजी वाचता येतं म्हणून थोडा शहाणपणा.

म्हणजे दोघांनी एकत्र बसून कधी ऐकलं नाही. भांडायचे मात्र रोज, सात वाजता, काशीच्या चहाच्या गाडीवर. चारांतली भारी कोणती? राघो म्हणायचा विहीरवाली. तिच्या कव्हरवर विहीर होती आणि आत चंद्र पडलेला. हरी म्हणायचा शिडीवाली. तिच्यावर आभाळात नुसतीच एक शिडी उभी.

"राघोदादा, विहीरवाली म्हणजे घाई आहे नुसती," हरी म्हणायचा. "गाडी सुटल्यासारखी पळते."

"पळते? अरं ती झोपाळ्यावानी हालते! तो म्हातारा विहिरीतनं बोलतो तवा अंगावर काटा येतो."

"म्हातारा कुठला? कोवळा पोरगा आहे तो!"

"तुझ्या कानात मळ हाय, हऱ्या. आन तुझी शिडीवाली? मयताला चाललेत सगळे."

"शिडीवाली उडते, दादा. चिमणीसारखी."

काशी कपबशा विसळता विसळता म्हणायची, "एकाचा म्हातारा, एकाची चिमणी. लग्न लावा आता दोघांचं, आन मना गिऱ्हाईक बघू द्या."

दहा महिने हे असं चाललं. दोघांना वाटायचं, समोरचा ठार बहिरा आहे. आणि एका बुधवारी माशी शिंकली.

बुधवारी राघो चौदा नंबरच्या मागाशी उभा होता आणि मनात विहीरवाली चालू होती. त्याचं तसं व्हायचं. माग खटक-खटक करायचा आणि त्या खटक्यावर हळूहळू पाणी चढायचं. शेड निळी व्हायची. सूत पाण्यातल्या गवतासारखं डुलायचं, छताजवळ कापसाचे तंतू तरंगायचे ते मासे वाटायचे, आणि पार खालून, कुठल्या तरी कपारीतून, म्हातारा बोलायचा. काय बोलतोय ते एक अक्षर कळायचं नाही. पण तो आपल्याच घरातला कोणीतरी आहे, फार दिवसांनी हाक मारतोय, एवढं मात्र पक्कं वाटायचं.

फाट्! चौदाचा धोटा फुटला. लाकडाची ढलपी चिंधूच्या कानाजवळून गेली, चार वार कापडाचं मातेरं झालं.

चिंधू, तो माग चालवणारा, आधी पांढरा पडला, मग लाल. "राघो, समोर उभा होतास ना रं! तुला आयकू न्हाय आलं?"

शेठ आला, कापड बघितलं, राघोकडे बघितलं. "कान गेले काय रे तुझे? लूमवाल्यांचे जातातच. बाबा, दुसरा जॉबर बघायला लावू नकोस मला."

लूमवाल्यांचे जातात हे खोटं नव्हतं. राघोचा बाप चाळिशीत ठार बहिरा झालेला. आई अजून त्याच्या फोटोशी ओरडूनच बोलते. राघो अठ्ठावीसचा होता. त्या संध्याकाळी हरी म्हणाला, "म्हातारा म्हणे!" तसा राघो भडकला. कप आपटला, बशीचे दोन तुकडे. "शुक्रवारी येतो. समोरासमोर ऐकू. म्हातारा निघाला न्हाय तर ह्या पार्टीचं नाव परत काढणार न्हाय."

मनात मात्र दुसरंच होतं. म्हातारा निघाला नाही, तर शेठ म्हणतो ते खरं.

शुक्रवारी तो खारबावला गेला नाही. सहाला क्लासात आला. मास्तर दारातच होते, हातात पिशवी. "दोघे एकदम? अरे देवा," म्हणाले आणि जिना उतरले.

खाली शेड गप्प. एवढी गप्प की राघोला पायाखाली जमीन नसल्यासारखं झालं. हरीने विहीरवाली काढली, बाहीने पुसली, पिन टेकवली.

आणि ती पळाली.

राघो ऐकतच राहिला. पाणी नाही, झोपाळा नाही. सगळं उजळ, पातळ, लगबगीचं, बाजारातून घरी निघालेल्या बायांसारखं. मग आवाज आला. पोरगा! मिसरूड न फुटलेला, स्वच्छ गळ्याचा पोरगा.

"ऐकलंस?" हरी म्हणाला. "आता बोल."

राघोने एका कानावर हात ठेवला, मग दुसऱ्या. दोन्हीकडून पोरगाच. बापाचा फोटो डोळ्यासमोर आला. आपण दहा महिने जे ऐकलं ते कुठं होतं मग? कानात?

"दादा? अरे, चेष्टा केली मी. एवढं काय त्यात?"

"परत लाव," राघो म्हणाला. "सुरवातीपासून."

परत लावली. परत पोरगा. आणखी दोनदा लावली, तरी पोरगाच. बाहेर उन्हं उतरली, हरीने दिवा लावला. दिवा पांढराशुभ्र पेटला. राघोला ते खटकलं, पण का ते उमगलं नाही. या खोलीतला दिवा त्याने असा कधी पाहिलाच नव्हता.

सात वाजले. लूमची पावर आली.

आधी खालून एक माग खोकला. मग दुसरा. मग पलीकडची शेड, मग नाक्यापलीकडची, आणि बघता बघता सगळी भिवंडी खडखडायला लागली. खोलीतला दिवा पिवळा पडला, हळकुंडासारखा. पंखा रेंगाळला. आणि रेकॉर्डवरचा पोरगा गाता गाता वयात आला. आवाज जड झाला, पायऱ्या उतरायला लागला, एक, दोन, तीन, आणि पार तळाशी जाऊन म्हातारा झाला.

राघो ताडकन उठला. "हा! हा बघ! हाच तो!"

हरी चष्मा काढून प्लेअरकडे बघत होता, जणू त्यात कोणी शिरलंय. "दिवा बघ," तो हळूच म्हणाला. "दादा, लूम करंट ओढतात. प्लेअर हळू फिरतोय."

लूम चालू झाले की दिवे मंद होतात हे भिवंडीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण प्लेअरलाही पोट असतं, तोही उपाशी चालतो, हे दहा महिन्यांत दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे आपण दोन वेगळ्याच रेकॉर्डींवर भांडत होतो," हरी म्हणाला.

"गप. ऐक."

खालचा खडखडाट फरशीतून वर येत होता, आणि म्हातारा त्याच्यावर पाय टाकत टाकत चालला होता. खोली हळूहळू निळी झाली. दहा टाइपरायटर पाण्याखालच्या दगडांसारखे बसले होते. हरीचं तोंड किंचित उघडं राहिलं.

"खरी तर शुक्रवारचीच," शेवटी तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "त्यांनी तशीच बनवली असणार."

"त्यांनी बनवली तिकडं. मी ऐकली हिकडं. आता बोल, भारी कोणती?"

"शिडीवाली मी लूम चालू असताना ऐकलेली नाही," हरी म्हणाला. "आणि तू लूम बंद असताना. मग चारच्या आठ झाल्या ना रे दादा!"

राघो हसायला गेला आणि मध्येच थांबला. मान तिरकी केली. फरशीकडे बघितलं.

"काय झालं?"

"सातचा पट्टा," राघो म्हणाला. "सरकतोय. सुटला तर चिंधूचा हात जाईल."

"मला नाही काही ऐकू येत."

पण राघो जिन्यावर होता. तीन-तीन पायऱ्या टाकत खाली गेला. आज चिंधू रातपाळीला, सातवर होता. त्याच्या अंगावरून हात घालून राघोने दांडा ओढला. माग धापा टाकत उभा राहिला. राघोने बोट दाखवलं. चामड्याचा पट्टा जोडाशी उसवून दोन दोऱ्यांवर लोंबत होता.

चिंधूने पट्ट्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. "कुठनं आयकलास?"

"वरनं," राघो म्हणाला.

"वरनं आयकतोस, आन बुधवारी समोर उभा राहून न्हाय?"

"बुधवारी मी हितं नव्हतोच," राघो म्हणाला, आणि चिंधू हातातली सुताची कांडी फेकून मारणार तेवढ्यात राघो खाली बसून पट्टा सोडवायला लागला.

वर रेकॉर्ड अजून फिरत होती. एक माग कमी झाला तसा म्हाताऱ्याने थोडा श्वास घेतला, वयाने वर्ष-दोन वर्षं तरणा झाला. निदान राघोला तरी, खाली बसून, तसं ऐकू आलं.