‘ठ’ला नमस्कार

सांगून कोणाला पटायचं नाही, पण देवासच्या आमच्या वस्तीत बकरीलासुद्धा अक्षर कळतं. हसू नकोस, संताजी! तू बदनावर गावचा माणूस, सोयाबीनचा भाव तेवढा खरा मानतोस. चष्मा घरी विसरलास ना? मग कान तरी उघडे ठेव. चहा घे.

गेल्या वर्षीची गोष्ट. ह्या समोरच्या एका खोलीत किमयाताई बालवाडी चालवायची. खोली एवढीशी की एक पोर शिंकलं तर दुसऱ्याच्या पाटीवरचा ‘अ’ पुसायचा. पोरं टिकेनात. ही उर्वशी बघ, माझ्या बशीत टोस बुडवतेय ती. पाच वर्षांची होती, पण पाच मिनिटं बसायची नाही. खोली ज्या संस्थेची, तिथल्या मॅडमनी ताईला बजावलं, “महिन्याभरात मुलांना अक्षरं आली नाहीत तर खोली गोदामाला देऊ.”

ताई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी चुना घेऊन आली आणि बाहेरच्या मैदानात घरं आखून एकेका घरात एकेक अक्षर काढलं. “पळा, उड्या मारा, मी म्हणेन त्या अक्षरावर जा!” पोरं अशी उधळली की धुरळा पार टेकडीवरच्या देवीच्या कळसाला लागला. मी स्वतः पाहिला.

पण आमची ही, तुझी कुसुमावती काकू, पाणी भरायला निघालेली. घागर तिथेच ठेवली आणि ओरडली, “अगं बाई! अक्षरावर पाय? सरस्वतीला लाथा घालायला शिकवतेस होय गं?”

झालं! आपल्यात पुस्तकाला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून कपाळाला नेतो, आणि इथे तर अख्खी मुळाक्षरं तुडवलेली. सगळ्या आया धावल्या. आपापलं पोर बखोटीला धरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी मैदानात ताई, चुना आणि गोपाळरावांची बकरी, एवढेच हजर.

तेव्हा युक्ती निघाली. पाय लागला ना? मग वाकायचं, अक्षराला हात लावायचा, कपाळाला न्यायचा आणि नाव घेऊन माफी मागायची. “क, चुकलं. ख, चुकलं.” नाव चुकलं तर माफी नाही, परत पहिल्या घरापासून उड्या!

आता कोणती आई नको म्हणणार? पोरं दिवसाला दोनशे नमस्कार घालायला लागली. मांड्या पैलवानासारख्या झाल्या. उर्वशीची आई सांगायची, ही झोपेतसुद्धा “भ, चुकलं” म्हणते. बकरीचं तर विचारूच नकोस. ‘घ’वर पाय पडला की मान खाली घालायची.

“तिथे गवत असेल, काका,” संताजी म्हणाला.

गवत होतं, पण भक्तीही होती.

महिना भरला. मॅडम आल्या. उंच सँडल, हातात फाईल. खोलीकडे चालत निघाल्या त्या थेट मैदानातून. तोच गोलू आडवा झाला. सहा वर्षांचं पोर, कमरेवर हात!

“ओ मॅडम! ‘ठ’वर पाय दिला तुम्ही! पहले पाया पडो!”

ताईचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. मॅडमनी खाली पाहिलं. “हा ‘ठ’ आहे, तुला कसं कळलं रे?”

“रोजच चुकतो ना मी त्याच्यावर!”

मग वीस पोरांनी त्यांना गराडा घातला आणि पायाखालचं एकेक अक्षर ओरडून सांगितलं. मॅडमनी सँडल काढले, वाकल्या आणि म्हणाल्या, “ठ, चुकलं.” खोली ताईकडेच राहिली. मैदानही राहिलं.

“पण काका, माफीची ही युक्ती कोणाच्या डोक्यातली?” संताजीनं विचारलं.

आता स्वतःच्या तोंडानं काय सांगायचं? माझीच. ताईनं समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवलंय, ‘युक्ती शालिग्राम आजोबांची’. वाच की! अरे हो, तुझा चष्मा नाही, नाही का?

उर्वशीनं टोस बशीत सोडला. भिंतीकडे बोट करून ते एकेक अक्षर पुढे सरकवत गेली. “यु... क्ती... कु... सु... मा... व... ती...” आणि ओट्यावर उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, “आजोबा, खोटं! तिथे आजीचं नाव आहे!”