भिक्षूला घाई नसते

"ज्येष्ठ नागरिकांचा पास!" वडाच्या फांदीकडे बोट दाखवत जुआंगकाका म्हणाले.

"काका, नाव सांगायचंय, तिकीट नाही काढायचं," परीक्षा घ्यायला आलेल्या शूबाई कागदातून मान वर न करता म्हणाल्या.

"तेच सांगतोय ना बाई! डोकं पांढरं, टकळी अखंड, आणि चढणार पुढच्याच दारानं. बुलबुल!"

"बरोबर, पांढऱ्या डोक्याचा बुलबुल. नवांपैकी सात."

कट्ट्यावरच्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तैनानमध्ये एकतीस वर्षं बस हाकलेल्या काकांना पिसांचे रंग आणि चोचींची मापं काही पाठ होत नसत. आरशातून उतारू ओळखावेत तसे ते पक्षी ओळखत. मैना म्हणजे मागच्या दारानं फुकट घुसणारी कॉलेजची पोरं. या पद्धतीनं ते दोनदा नापास झाले होते आणि तिसरी संधी शेवटची होती.

बागेतली रविवारची पक्षीफेरी बावीस वर्षं यू-चिनकाकूंनी चालवली. काका तेव्हा अंथरुणातूनच विचारायचे, "चिमण्या मोजून कुणाचं पोट भरलंय?" मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या आणि फेरी थांबली. पक्षीमंडळाचा नियम असा, की दहापैकी आठ पक्षी ओळखेल त्यालाच फेरी नेता येईल. गल्लीतून काकांशिवाय कुणी पुढे आलं नाही. मदत मात्र सगळ्यांनी केली. आ-शुएईमावशी तर मासळीच्या पेजेची गाडी सोडून धावत आली होती. मानेवर ठिपके असलेल्या होल्याच्या वेळी तिनं गळ्याभोवती बोटं फिरवून मोत्यांची माळ सुचवली, तर काकांनी काळजीनं विचारलं, "घसा दुखतोय का गं?"

"शेवटचा कानानं ओळखायचा," शूबाई म्हणाल्या. "डोळे मिटा."

काकांनी डोळे मिटले. कापराच्या झाडामागून आवाज आला, टोक्-टोक्-टोक्.

कट्टा सुखावला. हे तर शेंबड्या पोरालाही येईल! तांबट! पोथी म्हणताना ठोकतात त्या लाकडी माशासारखा आवाज काढतो म्हणून सगळी गल्ली त्याला भिक्षूच म्हणते. मावशीनं डोक्यावरून तळवा फिरवून तुळतुळीत गोटा दाखवला, पण मिटलेल्या डोळ्यांना गोटा दिसणार कसा? शूबाईंनी तर कागदावर 'तांबट' लिहूनही टाकलं होतं.

काका बराच वेळ ऐकत राहिले.

"हा पक्षी नाही."

"अहो काका!" मावशी किंचाळली.

"देवळात कुणीतरी लाकडी मासा ठोकतंय."

"नीट ऐका काका," शूबाईंचा आवाज मऊ झाला. "घाई नाही."

"मला नाही हो. ठोकणाऱ्याला आहे. बघा, लय धावायला लागली. शेवटचं पान आलंय." काकांचे डोळे अजून मिटलेलेच होते. "आमची यू-चिन रोज पोथी म्हणताना इथंच धावायची. चुलीवर पेज असायची ना. खऱ्या भिक्षूला कसली आलीय घाई?"

टोक्-टोक् थांबलं. ठण्णकन घंटा वाजली. झाडामागच्या देवळातून एक म्हातारी पोथी काखोटीला मारून लगबगीनं बाहेर आली.

"आ-शुएई, पेज संपली का गं?"

कट्ट्यावर असा हशा पिकला की वडावरचे सगळे ज्येष्ठ नागरिक उडून गेले. शूबाईंनी कागदावरचा 'तांबट' खोडला. त्यांचे कान लाल झाले होते.

"आठ," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी अकरा माणसं जमली. काकूंची टोपी काकांच्या डोक्यावर जेमतेम टेकली होती. "आत सरका, आत सरका, पुढे जागा आहे!" म्हणत त्यांनी फेरी हाकली.

कापराच्या झाडाखाली आवाज आला, टोक्-टोक्-टोक्.

"हा कोण हो काका?" मावशीनं विचारलं.

काकांनी टोपी काढून हातात धरली आणि लय कुठे धावतेय का, ते ऐकत थांबले.

धावली नाही.

"तांबट," काका म्हणाले. "लिहून घ्या."